निट, पर्ल आणि आपलं 'विणणं': इंग्रजी विणकामाची भाषा कशी वाचावी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: विणकाम आईकडून मराठीत शिकलात. सुलट, उलट, दोनाचा एक, जाळीचा टाका, सगळं हाताला येतं. आता बहीण अमेरिकेतून इंग्रजी नमुने पाठवते. शब्दकोश घेऊन बसलात, एकेका शब्दाचा अर्थ लावलात, तरी सहा महिन्यांच्या बाळाचं जाकीट आखूड आणि तंग झालं. शिवाय पुढचे दोन्ही भाग एकाच बाजूचे निघाले. तेव्हा इंग्रजी बोलणारे विणकामाचे शब्द नेमके कसे वापरतात?

मी पस्तीसेक वर्षं विणते आहे, बावीस वर्षं शिकवते आहे, आणि मधली काही वर्षं कपडे निर्यात करणाऱ्या एका कंपनीसाठी कागदपत्रांचं भाषांतर केलं आहे. त्यावरून सांगते: तुमचे हात चुकलेले नाहीत. शब्दांचे अर्थ तुम्ही बरोबर शोधलेत, पण ते शब्द कोणत्या देशातला माणूस बोलतोय आणि कोणत्या कामाबद्दल बोलतोय हे शब्दकोशाने सांगितलं नाही. इंग्रजी विणकामात ते कळल्याशिवाय अर्थ पुरा होत नाही.

सुरुवात 'निट' या शब्दापासूनच करायला हवी, कारण पहिली गफलत तिथेच होते. कोश 'निट म्हणजे विणणे' असं सांगून मोकळा होतो. पण आपलं 'विणणे' केवढं मोठं आहे बघा. येवल्याला मागावर पैठणी विणतात. आजी सुयांवर स्वेटर विणते. क्रोशानं तोरण विणतात. बुरूड टोपली विणतो, बाज विणतात, कोळी जाळं विणतो, मग तो दर्यावरचा असो की भिंतीवरचा. या सगळ्याला आपण एकच क्रियापद लावतो. इंग्रजीत ही निरनिराळी कामं आहेत आणि त्यांना निरनिराळे शब्द आहेत. मागावर ताणा-बाण्याचे दोन धागे एकमेकांना छेदून कापड होतं, ते 'वीव्ह'. एकाच धाग्याचे फासे एकमेकांतून ओढत नेले, ते 'निट'. आकडीच्या एकाच सुईने एका वेळी एकच फासा पुरा केला, ते 'क्रोशे'. हा फ्रेंच शब्द असून त्याचा अर्थच लहानशी आकडी. इंग्रज माणूस स्वेटरला कधीही 'वोवन' म्हणणार नाही आणि पैठणीला 'निटेड' म्हणणार नाही. म्हणूनच 'निटर' या शब्दाला 'विणकर' हा प्रतिशब्द चालत नाही. विणकर म्हटलं की आपल्याला माग दिसतो, साळी-कोष्टी दिसतात. स्वेटर विणणारीला मराठीत वेगळं नाव नाही, 'ती विणते' एवढंच आपण म्हणतो.

हा शब्दांचा कीस वाटत असेल तर माझ्या भाषांतराच्या दिवसांतला अनुभव ऐका. सीमाशुल्काच्या आंतरराष्ट्रीय वर्गवारीत कपड्यांची दोन प्रकरणं आहेत. ६१ क्रमांकाचं प्रकरण निट किंवा क्रोशे केलेल्या कपड्यांचं, ६२ क्रमांकाचं तसे नसलेल्या कपड्यांचं. टी-शर्ट ६१ मध्ये जातो, कॉलरचा नेहमीचा कापडी शर्ट ६२ मध्ये. माझ्यासमोर एक मराठी तक्ता आला, त्यात पहिल्याला 'विणलेले कपडे' लिहिलं होतं आणि दुसऱ्याला 'न विणलेले कपडे'. मागावर विणलेल्या सुती शर्टाला 'न विणलेला' म्हणायचं! वाचणाऱ्या कारकुनाने माल उलट्या रकान्यात टाकला आणि दुरुस्तीत आठवडा गेला. तेव्हापासून मी या शब्दाबाबत कडक झाले.

मग निट कापडाला मराठीत म्हणायचं काय? शब्द आपल्याकडे आहे आणि तो शिंपीदादांच्या तोंडी आहे: होजिअरीचं कापड. ताणलं की ताणतं, कापलं की कडेला गुंडाळी होते, ते कापड. 'होज' म्हणजे पायमोजे. इंग्लंडात नॉटिंगहॅमजवळच्या कॅलव्हर्टनच्या विल्यम ली याने १५८९ मध्ये मोजे विणायचं यंत्र बनवलं. हातांची फासे ओढायची रीत त्याने यंत्राला शिकवली. पुढे या यंत्रावरचा सगळा माल मोज्यांच्या नावाने, म्हणजे होजिअरी म्हणून ओळखला जाऊ लागला आणि तो शब्द आपल्या बाजारात बनियनवर येऊन बसला. लुधियाना आणि तिरुपूर ही होजिअरीची गावं, इचलकरंजी आणि भिवंडी मागांची. इंग्रजीतला निट आणि वीव्ह यांमधला फरक तुम्हाला या चार गावांवरून पक्का लक्षात राहील. अमेरिकन माणूस मात्र 'होजिअरी' म्हणेल तेव्हा त्याला फक्त पायमोजे आणि स्टॉकिंग्ज म्हणायचं असतं.

आता नमुन्याच्या आत शिरू. तिथे 'निट' हा शब्द आणखी आक्रसतो. बोलताना निट म्हणजे सुयांवरचं सगळं विणकाम, पण नमुन्यात निट म्हणजे फक्त सुलट टाका. 'निट टू एंड' याचा अर्थ 'सुई संपेपर्यंत विणा' असा नाही, 'सुई संपेपर्यंत सगळे टाके सुलट विणा' असा आहे. (सुई म्हणजे इथे सुईवरच्या टाक्यांची एक ओळ, इंग्रजीतली 'रो'.) मग नुसतं 'विणत जा' असं सांगायचं असेल तर ते काय लिहितात? 'वर्क'. हा साधासा शब्द इंग्रजी नमुन्यांचा कणा आहे. 'वर्क टू एंड' म्हणजे जी वीण चालू आहे त्याच विणीत शेवटपर्यंत जा. 'वर्क ईव्हन' किंवा ब्रिटिश नमुन्यात 'वर्क स्ट्रेट' म्हणजे टाके न वाढवता, न घटवता सरळ विणत जा. माझ्या वर्गात येणाऱ्या दहाजणींपैकी निम्म्या तरी पहिल्यांदा इथेच अडतात, कारण मराठीत 'वर्क' आणि 'निट' या दोन्हींसाठी त्या 'विणा' असंच मनात म्हणतात. जुन्या ब्रिटिश पुस्तिकांत सुलट टाक्याला 'प्लेन' म्हणतात, 'प्लेन अँड पर्ल' ही जोडी तिथलीच. पर्लचं स्पेलिंगही जुन्या छपाईत मोत्याच्या 'पर्ल'सारखं दिसतं. अर्थ उलट टाका हाच, तेव्हा बिचकू नका.

पुढचा पेच आपल्या भाषेतला आहे, आणि त्याबद्दल मला कोणी सांगितलं नव्हतं, शिकवताना माझं मलाच उमगलं. आपण टाक्यालाही सुलट-उलट म्हणतो आणि कापडाच्या बाजूलाही सुलट-उलट म्हणतो. इंग्रजीत टाके निट आणि पर्ल, बाजू मात्र 'राइट साइड' आणि 'राँग साइड'. एक सुई सुलट, एक सुई उलट अशी साधी वीण असेल तर सुलट बाजूवर सुलट टाकेच येतात, त्यामुळे घोळ होत नाही. पण साबुदाण्याच्या विणीत दोन्ही बाजूंना दोन्ही टाके असतात. तिथे 'राँग साइड रो' म्हणजे 'उलट सुई' असं मनात भाषांतर केलंत तर सगळी सुई उलट विणून मोकळ्या व्हाल. मी वर्गात म्हणून टाक्यांना सुलट-उलट ठेवते आणि बाजूंना 'दर्शनी' आणि 'आतली' म्हणते. तुम्हीही तसं करून पाहा.

तुमचे दोन्ही भाग एकाच बाजूचे का झाले तेही इथेच दडलंय. 'राइट साइड' मधला राइट म्हणजे दर्शनी. 'राइट फ्रंट' मधला राइट म्हणजे उजवा, आणि तोही अंगात घालणाऱ्याचा उजवा, समोर बसून बघणाऱ्याचा नव्हे. त्यात नमुना लिहिणारे जागा वाचवायला डावा भाग सविस्तर देतात आणि उजव्यासाठी एवढंच लिहितात: 'रिव्हर्सिंग शेपिंग्ज'. म्हणजे गळ्याची आणि मुंढ्याची घट आरशात दिसेल तशी करा. डाव्या भागाला मुंढा दर्शनी सुईच्या सुरुवातीला घटवला असेल तर उजव्याला आतल्या सुईच्या सुरुवातीला घटवा. हे दोन शब्द तुम्ही सोडून दिलेत असं फोटोवरून दिसतं.

जाकीट तंग का झालं याचं उत्तर तुमच्या सुयांत आहे. नमुन्यात आठ नंबरची सुई सांगितली होती, तुम्ही दुकानातून आठ नंबरची आणलीत. आपल्याकडे दुकानांत सुया मागतात त्या जुन्या ब्रिटिश क्रमांकाने, ज्यात नंबर वाढला की सुई बारीक होते. आपली आठ नंबर म्हणजे ४ मिलिमीटर. अमेरिकन क्रमांक उलटा चालतो, नंबर वाढला की सुई जाड. त्यांची आठ नंबर म्हणजे ५ मिलिमीटर. आता हिशोब करा. ५ मिलिमीटरच्या सुईवर १० सेंटिमीटरमध्ये १८ टाके बसणार होते, म्हणजे ९० टाक्यांचा घेर ५० सेंटिमीटर. बारीक सुईवर १० सेंटिमीटरमध्ये २२ टाके बसले की तोच घेर ४१ सेंटिमीटरच्या आत येतो. बाळाची छाती मावेल कशी? एक खूण देते, मी ती वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवली आहे: आपल्या चार ते नऊ नंबरांपर्यंत आपला नंबर आणि अमेरिकन नंबर यांची बेरीज १४ येते. आपली सहा म्हणजे त्यांची आठ, आपली नऊ म्हणजे त्यांची पाच, आणि सातला सात. दहा नंबरपासून हे गणित तुटतं, आपली दहा म्हणजे सव्वातीन मिलिमीटर आणि त्यांची तीन. हल्ली ब्रिटनमध्ये मिलिमीटरच छापतात आणि अमेरिकन नमुन्यातही बहुधा शेजारी दिलेले असतात. ते दिसले की नंबराकडे बघायचंच नाही.

नमुन्याच्या वर 'गेज' म्हणून जी ओळ असते ती याच टाक्यांच्या मापाची. ब्रिटिश नमुन्यात तिलाच 'टेन्शन' म्हणतात. हे दोन शब्द दिसले की नमुना कुठला ते कळतं. अशाच आणखी काही खुणा आहेत. टाके बंद करणं ब्रिटिशाला 'कास्ट ऑफ', अमेरिकनाला 'बाइंड ऑफ'; टाके घालणं मात्र दोघांनाही 'कास्ट ऑन'. सुलट-उलट सुयांची साधी वीण ब्रिटनमध्ये 'स्टॉकिंग स्टिच', अमेरिकेत 'स्टॉकिनेट'. आमच्याकडे जिला साबुदाण्याची वीण म्हणतात ती ब्रिटनमध्ये 'मॉस', अमेरिकेत 'सीड'. अमेरिकन 'मॉस' म्हणेल तेव्हा ती वेगळी, दोन-दोन सुयांनी बदलणारी वीण असते, जिला ब्रिटिश 'डबल मॉस' म्हणतात. एकाच नावाच्या दोन विणी असल्यामुळे इथे नमुन्याच्या शेवटी दिलेला खुलासा वाचल्याशिवाय पहिला टाका घालू नये.

जाळीच्या टाक्याबद्दल मला जास्त काळजी वाटते. दोन सुलट टाक्यांच्या मध्ये धागा पुढे घेऊन सुईवरून नेला की एक टाका वाढतो आणि भोक पडतं. अमेरिकन याला 'यार्न ओव्हर' म्हणतात. ब्रिटिश नमुन्यात यालाच 'यार्न फॉरवर्ड' म्हणतात. पण अमेरिकन नमुन्यात धागा पुढे आणायला सांगितलं असेल तर अनेकदा नुसता धागा पुढे आणायचा असतो, पुढचा टाका न विणता सरकवण्यासाठी, आणि टाका वाढवायचा नसतो. शब्द जवळजवळ तेच, परिणाम वेगळा. सुईच्या शेवटी टाके मोजा. वाढले नसायला हवे होते आणि वाढले, तर चूक याच जागी शोधा.

क्रोशात तर एकाच शब्दाचे सर्रास दोन अर्थ होतात. मी शिकले तेव्हा साखळी, मुका खांब, अर्धा खांब, खांब असे शब्द होते. मुक्या खांबाला, म्हणजे खांबांतल्या सगळ्यात बुटक्या टाक्याला, अमेरिकन 'सिंगल क्रोशे' म्हणतात आणि ब्रिटिश 'डबल क्रोशे'. आपला नेहमीचा खांब अमेरिकनाला 'डबल क्रोशे' आणि ब्रिटिशाला 'ट्रेबल'. म्हणजे 'डबल क्रोशे' वाचून ब्रिटिश बाई मुका खांब घालेल आणि अमेरिकन बाई पूर्ण खांब, आणि दोघी बरोबर. ब्रिटिश नावं अमेरिकन नावांपेक्षा एक पायरी पुढे चालतात, एवढं लक्षात ठेवलं की पुरतं. आजच्या ब्रिटिश नमुन्यात 'सिंगल क्रोशे' येत नाही, म्हणून तो शब्द दिसला की नमुना अमेरिकन समजा. 'टाका सोडा' यासाठी 'मिस' लिहिलं असेल तर ब्रिटिश, 'स्किप' लिहिलं असेल तर अमेरिकन. मी एकदा अख्खा थाळपोस ब्रिटिश नमुन्यावरून अमेरिकन अर्थाने विणला. ताटाला झाकेल एवढा व्हायचा तो जेवणाच्या टेबलाएवढा पसरला, आणि फुलांच्या पाकळ्या लांबट, विरळ झाल्या. तो मी पूर्ण उसवला.

लोकरीच्या जाडीचे शब्दही दोन गोटांत आहेत. ब्रिटनमध्ये 'वूल' म्हणजे विणायचा कुठलाही धागा, मग तो अॅक्रिलिकचा का असेना, जसं आपण सगळ्याला 'लोकर' म्हणतो. अमेरिकन 'यार्न' म्हणतो आणि 'वूल' फक्त मेंढीच्या केसाला. '४ प्लाय' हा ब्रिटिश शब्द आता पदरांची संख्या सांगत नाही, जाडीचा वर्ग सांगतो. त्याहून जाड ते 'डबल निटिंग', त्याहून जाड 'अॅरन', मग 'चंकी'. अमेरिकेत जवळपास याच क्रमाने 'फिंगरिंग', मग 'डीके' (डबल निटिंगचीच आद्याक्षरं), 'वर्स्टेड', 'बल्की'. ऑस्ट्रेलियन याच डबल निटिंगला '८ प्लाय' म्हणतात. वर्स्टेड हे मुळात नॉरफकमधल्या वर्स्टेड नावाच्या गावचं, तिथल्या लोकरी कापडामुळे रूढ झालेलं. आपल्याकडच्या गिरण्यांत वर्स्टेड म्हणजे सुटाचं गुळगुळीत लोकरी कापड, अमेरिकन विणणारीच्या लेखी तो मध्यम जाडीचा धागा.

कपड्यांच्या नावांतही तोच प्रकार आहे. ब्रिटिश 'जम्पर' म्हणजे आपला स्वेटर, अमेरिकन 'जम्पर' म्हणजे ब्लाउजवरून घालायचा बिनबाह्यांचा झगा. ब्रिटिश 'व्हेस्ट' म्हणजे बनियन, अमेरिकन 'व्हेस्ट' म्हणजे जाकीट किंवा हाफ स्वेटर. अमेरिकन नमुन्यात 'अफगाण' दिसलं तर ती विणलेली पांघरायची शाल-चादर आहे. बाकी बरीच नावं जागांची आणि माणसांची आहेत: जर्सी आणि गर्न्सी ही इंग्लिश खाडीतली बेटं, फेअर आइल शेटलंडमधलं, अॅरन आयर्लंडच्या पश्चिमेची. कार्डिगन, रॅग्लन आणि बॅलाक्लाव्हा ही तिन्ही नावं क्रिमियाच्या युद्धातली. २५ ऑक्टोबर १८५४ ला बॅलाक्लाव्हाच्या लढाईत लाइट ब्रिगेड या ब्रिटिश घोडदळाच्या तुकडीचं नेतृत्व अर्ल ऑफ कार्डिगनने केलं, आणि ब्रिटिश सैन्याचा सरसेनापती होता लॉर्ड रॅग्लन, ज्याचा हात १८१५ मध्ये वॉटर्लूला गेला होता. गळ्यापासून काखेपर्यंत तिरकी जोडलेली बाही त्याच्या नावाची, आणि आपली माकडटोपी म्हणजे बॅलाक्लाव्हा. मोज्याचा चवडा शिवण न दिसता बंद करायचा टाका किचनेरच्या नावाचा, जो १९०२ ते १९०९ हिंदुस्थानात सरसेनापती होता. ब्रिटिश नमुन्यात याच टाक्याला 'ग्राफ्टिंग' म्हटलेलं सापडेल.

विणणाऱ्यांची आपसातली बोलीही तुम्हाला भेटेल. उसवण्याला त्या 'फ्रॉग' म्हणतात. 'रिप इट, रिप इट' हे भरभर म्हटलं की इंग्रजी कानाला बेडकाच्या डरावासारखं लागतं, म्हणून. एकेक टाका मागे जात सोडवणं म्हणजे 'टिंक', निटची अक्षरं उलट्या क्रमाने. जमवलेल्या लोकरीचा साठा 'स्टॅश', अर्धवट राहिलेली कामं 'यूएफओ', म्हणजे 'अनफिनिश्ड ऑब्जेक्ट्स'. शेवटी सुटलेली टोकं लपवायला सांगताना मात्र त्या 'वीव्ह इन' म्हणतात. तिथे माग नाही, सुईत ओवून टोकं आतून फिरवायची एवढंच.

उसवण्यावरून आठवलं. 'रॅव्हल' म्हणजे उसवणं आणि 'अनरॅव्हल' म्हणजेही उसवणंच. वरवर विरुद्ध दिसणारे हे शब्द एकाच अर्थाचे आहेत.

विणकामाबाहेर निट कुठे भेटतो? त्याचं मूळ जुन्या इंग्रजीत 'गाठ मारणे' असं आहे, गाठीचा 'नॉट' हा त्याचा सख्खा भाऊ. ते मूळ आठवलं की बाकीचे वापर आपोआप उलगडतात. डॉक्टर 'बोन इज निटिंग' म्हणतो तेव्हा हाड जुळून येतंय. कुणी 'निट्स हर ब्राउज' तेव्हा भुवया आवळल्या जातात, कपाळाला आठी पडते. 'क्लोज-निट' कुटुंब म्हणजे घट्ट विणीचं, एकमेकांना धरून असलेलं. 'स्टिक टु युअर निटिंग' हे अमेरिकन व्यापाऱ्यांचं बोलणं: जे येतं तेच करा, नसत्या धंद्यात पडू नका. १९८२ च्या एका गाजलेल्या व्यवस्थापनाच्या पुस्तकाने ते जगभर नेलं. 'स्पिन अ यार्न' मात्र सुयांचं नाही, खलाशांचं आहे. दोरखंडाचे धागे वळता वळता सांगितलेली लांबलचक गोष्ट. भूतकाळात दोन रूपं चालतात: स्वेटरबद्दल 'निटेड' अधिक, अमेरिकन विणणाऱ्यांत नुसतं 'निट'ही, घट्ट नात्याबद्दल मात्र 'निट' हेच रूप कानाला बरोबर लागतं.

इथे एक गोष्ट मला फार जवळची वाटते. आपण समाजाची वीण उसवली म्हणतो, नात्याची वीण घट्ट आहे म्हणतो. इंग्रजी बोलणारा समाजाला 'फॅब्रिक' म्हणेल, म्हणजे कापड, आणि ते 'टेअर' होतं, फाटतं. आपलं मात्र उसवतं. फाटलेल्याला ठिगळ लागतं, उसवलेलं त्याच धाग्याने पुन्हा विणता येतं. भाषांतर करताना 'समाजाचं कापड फाटलं' असं कुणी लिहिलं की मला राहवत नाही.

आता तुमचं जाकीट. ते उसवा, लोकर लडी करून कोमट पाण्यात भिजवून वाळवा म्हणजे वळ्या जातील. आपली सहा नंबरची सुई घ्या, आधी वीसेक टाक्यांचा चौकोन विणून मोजा. नंतर डावा भाग, मग उजवा. आणि ज्या ओळीखाली तुम्ही लाल रेघ मारून पाठवलीत, 'कंटिन्यू इन पॅटर्न अंटिल वर्क मेझर्स १५ सेंटिमीटर, एंडिंग विथ अ राँग साइड रो', तिचं आपल्या भाषेत असं होतं: चालू वीण मोडू न देता तुकडा १५ सेंटिमीटर लांब होईपर्यंत विणत जा, आणि शेवटची सुई आतल्या बाजूची विणून थांबा, म्हणजे मुंढ्याची घट दर्शनी बाजूने सुरू करता येईल.